पाणी माझे, डास कोणाचा?

वाचकहो, मनुष्याच्या हातून जी हानी त्याच्या इच्छेवाचून घडते तिचा दोष त्याजकडे येतो की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. विद्वानांनी त्याविषयी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. आम्हांस मात्र तो एका खड्ड्याच्या काठी भेटला. तो खड्डा कसा होता हे आधी सांगितले, म्हणजे प्रश्न समजण्यास सोपे जाईल.

पूर्व विदर्भातील एका धानाच्या गावी काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला होता. भाद्रपदाचा महिना होता. रोवणी आटोपली होती, बांध्या पाण्याने भरल्या होत्या, आणि नहराच्या वरच्या अंगास एका वृद्ध शेतकऱ्याची चांगली चार एकर धानाची जमीन होती. पूर्वी कधी घराच्या भिंतींसाठी त्यांनी आपल्या धुऱ्यालगतची माती काढली होती. त्या जागी खड्डा पडला होता, आणि बांधीतून झिरपणारे पाणी त्यात पावसाळाभर साचून राही. खालच्या अंगास मजुरांच्या दहा-बारा झोपड्या होत्या. एके संध्याकाळी त्यांपैकी एक तरुण तेथे आला व म्हणाला, "काका, हा खड्डा बुजवा, नाहीतर चर काढून पाणी तरी जाऊ द्या. माझी पोर ह्या साली तिसऱ्यांदा तापाने पडली आहे."

काका रागावले नाहीत. ते हसून म्हणाले, "अरे बाबू, पाणी माझं आहे, नाही म्हणत नाही. पण डास काय मी पाळला आहे? उडत्या जिवाचा सातबारा माझ्या नावावर कशाला चढवतोस?"

बसलेली माणसे हसली. तो तरुण हसला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे काका काही निर्दय मनुष्य नव्हेत. त्याच तरुणास त्यांनी आदल्या उन्हाळ्यात दोन पोती धान उसने दिले होते व त्याचा कधी तगादा लाविला नव्हता. ते दुष्ट असते तर विचार करण्यासारखे काही उरलेच नसते. चांगला मनुष्य, शेजाऱ्यास धान्य देणारा मनुष्य, शेजाऱ्याच्या मुलीच्या तापाविषयी "तो माझा नव्हे" असे सरळ मनाने म्हणतो, हीच विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

प्रथम डासाविषयी जे ठाऊक आहे ते पाहू, कारण अज्ञानावर उभारलेला न्याय टिकत नाही. आपण "डास" हा शब्द असा बोलतो की जणू तो एकच प्राणी आहे. वस्तुतः जगात डासांच्या साडेतीन हजार जाती मोजल्या गेल्या आहेत, आणि एकट्या भारतात सुमारे ४०० आहेत. त्यांपैकी बहुतेकांपासून मनुष्यास कोणताही रोग होत नाही. नर डास तर मुळीच चावत नाही. तो फुलापानांच्या रसावर जगतो. मादी रक्त पिते ते आपली अंडी पक्व व्हावी म्हणून. टॉक्सोऱ्हिन्कायटीस नावाच्या मोठ्या डासांच्या कुळात तर मादीही रक्त पीत नाही, आणि त्यांच्या अळ्या पाण्यातील इतर डासांच्या अळ्या खाऊन टाकितात. म्हणजे ज्यांस आपण सरसकट वैरी म्हणतो त्यांत आपले मित्रही आहेत.

जे थोडे रोग पसरवितात त्यांचे स्वभाव भिन्न, आणि प्रत्येकाचे आवडते पाणीही भिन्न. डेंगी व चिकुनगुन्या पसरविणारा एडीस, ज्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात व जो दिवसा चावतो, तो घरातील रांजण, हौद, फुटके मडके, टाकलेला टायर अशा स्वच्छ साठवणीत वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटून कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, रांजण घासावा लागतो. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स गटारात व सांडपाण्यात वाढतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील वाचकांस सुजलेले पाय कसे असतात हे निराळे सांगावयास नको. त्याच कुळाची दुसरी एक जात धानाच्या बांधीत वाढते व जपानी मेंदूज्वराचे विष डुकरांकडून व बगळ्यांकडून मनुष्याकडे आणते. केरळात चेर्तला भागात मॅन्सोनिया नावाचा डास आढळतो. त्याच्या अळ्या श्वास घेण्यास पृष्ठभागी येत नाहीत. पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून त्या तेथूनच हवा घेतात. तेथे तळ्यातील त्या वनस्पती काढणे हाच त्याजवरील उपाय ठरला.

हिवताप आणणाऱ्या अ‍ॅनॉफिलीस कुळाच्या आपल्या देशात सुमारे ६० जाती आहेत. मुख्य वाहक त्यांपैकी सहाच. एक डोंगराळ भागातील वाहत्या ओढ्यांत वाढतो, एक शहरातील टाक्यांत व विहिरींत. खेडेगावातील हिवतापाचा मोठा भाग ज्या जातीमुळे होतो तिचे नाव क्युलिसिफेसीज. तिला मोकळे, स्वच्छ, उन्हातले, साचलेले किंवा मंद वाहणारे पाणी हवे असते. नहराचे झिरपण, गुरांच्या खुरांचे ठसे, माती काढलेले खड्डे आणि नुकती रोवणी झालेली बांधी ही तिची माहेरघरे होत.

१९४० च्या सुमारास रसेल व रामचंद्र राव ह्या दोघा संशोधकांनी तंजावर जिल्ह्यातील पट्टुक्कोट्टै येथे भातखाचरांत व मातीच्या खड्ड्यांत ह्याच डासाचा अभ्यास केला. त्यांस असे आढळले की, रोपे सुमारे फूटभर उंच होईपर्यंतच ह्या डासाच्या अळ्या खाचरात सापडतात. ही मादी पाण्यावर घिरट्या घालीत अंडी टाकिते. उभ्या रोपांची दाटी झाली म्हणजे तिला अडथळा होतो व ती दुसरीकडे जाते. आता काकांच्या धुऱ्याकडे पाहा. बांधी काही आठवड्यांनी आपोआप ह्या डासास प्रतिकूल होते, मग तिच्यात दुसऱ्या जाती शिरतात. परंतु उघडा, उन्हातला, रोपे नसलेला तो खड्डा पावसाळाभर हिवतापाचे बीज वाढवीत राहतो. त्यातून काकांस ना एक दाणा धान मिळतो, ना गुरास पाणी. अर्थात ज्या पाण्याचा काही उपयोग नाही तेच सर्वांत घातक होते.

शिवाय हे ध्यानात घ्यावे की रोग डासाच्या पोटी जन्मास येत नाही. मादी आधी कोणा तापकऱ्यास चावते; त्याच्या रक्तातील जंतू तिच्या अंगात दहा-चौदा दिवस वाढतात; मग ती दुसऱ्यास चावते तेव्हा ते त्यास मिळतात. डास हा निरोप्या आहे. निरोप मनुष्याचा मनुष्यास जातो. रोनाल्ड रॉस ह्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू प्रथम पाहिले, आणि त्या कार्याबद्दल १९०२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी लोक दूषित हवेस दोष देत असत. त्या काळी कोणाच्या खड्ड्यामुळे शेजाऱ्याचे मूल मेले असेल, तर त्यास आम्ही अपराधी म्हणणार नाही. जे कोणासच ठाऊक नव्हते ते त्यासही ठाऊक नव्हते.

परंतु ज्ञान आले म्हणजे कर्तव्य त्याच्या पाठोपाठ येते, आणि मग अज्ञानाचे दोन प्रकार होतात. एक, जे कळण्यास मार्ग नव्हता. दुसरे, जे कळू नये म्हणून आपण कान झाकून घेतले. पहिल्याची क्षमा सहज होते. दुसरे अज्ञान ही एक प्रकारची निवड आहे. त्या संध्याकाळी खड्ड्याच्या काठी जोपर्यंत कोणी बोलले नव्हते तोपर्यंत काका पहिल्या प्रकारात होते. त्या तरुणाने तोंड उघडले त्या क्षणी ते दुसऱ्या प्रकाराच्या उंबरठ्यावर आले.

आता अशा वेळी मनुष्य कोणत्या सबबी सांगतो त्या एकेक घेऊ, कारण त्या आमच्याही तोंडी असतात.

पहिली सबब अशी की, हे सरकारचे काम आहे. ह्यात थोडे सत्य आहे. नहर सरकारने काढला, तो झिरपतो, आणि त्याची दुरुस्ती काही एकट्या शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु इतिहास काय शिकवितो ते पाहा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली सरकारने राष्ट्रीय मोहीम काढून घरोघरी भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू केली. १९५८ पासून हिवतापाचे निर्मूलन करावयाचे असे ठरले. १९६५ पर्यंत रोगी सुमारे एक लाखावर आले. लोक म्हणू लागले की हिवताप गेला. पुढे डास त्या विषास दाद देईनासे झाले, काम ढिले पडले, आणि १९७६ साली रोग्यांची संख्या सुमारे ६४ लाखांवर गेली. त्यानंतर पुन्हा पुष्कळ प्रयत्नांनी ती खाली आली आहे. ह्या मोहिमेने लाखो जीव वाचविले, तिचे उपकार विसरू नयेत. परंतु फवारणाऱ्याने भिंत पांढरी केली तरी धुऱ्यालगतचे पाणी होते तेथेच होते. दुसरा कोणी आपले काम काही वर्षे करील. आपली कुदळ तो कायमची उचलणार नाही.

दुसरी सबब अधिक वजनदार आहे. शेतकरी म्हणतो, "पाणी काढून टाकले तर धान कसे पिकेल? माझ्या लेकरांनी काय खावे?" हे बोलणे लबाडीचे नाही. येथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात, एका घरची भाकर आणि दुसऱ्या घरचे आरोग्य. आणि जो कोणी ह्यांपैकी एकीस हलकी म्हणतो त्याने प्रश्न समजून घेतला नाही. तथापि बारकाईने पाहिले तर भांडण वाटते तेवढे मोठे नाही. उन्हाळी किंवा पावसाळी उष्ण पाण्यात अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात. बांधीत पाणी सतत तुंबवून न ठेविता मध्ये मध्ये ते आटू दिले व जमीन ओली परंतु उघडी राहिली, तर अळ्या डास होण्यापूर्वीच मरतात, आणि योग्य वेळी असे केल्यास पाण्याची बचत होऊन पिकाचेही नुकसान होत नाही. मात्र हे नहराच्या एका शाखेवरील सर्वांनी ठरवून एकाच वेळी करावे लागते. एकट्याने केले तर शेजारच्या बांधीतील डास त्याच्या घरी येतो, कारण डास एक-दोन किलोमीटर सहज उडतो व धुरा मानीत नाही.

ह्याच सबबीच्या पोटी एक उतावळेपणाही दडलेला असतो. डास म्हटला की मनुष्य विषाची बाटली उचलतो. परंतु पाण्यात चतुराच्या अळ्या, पाणकिडे, बेडूकमासे व लहान मासे हे डासांच्या अळ्यांस खाणारे जीव असतात. विषाने ते आधी मरतात, आणि डास पुन्हा वाढतात तेव्हा त्यांस खाणारा कोणी उरत नाही. शेतातील विषाची सवय झालेल्या डासांवर पुढे घरातील फवारणीही चालत नाही. १९२८ साली अमेरिकेकडील गॅम्बुसिया नावाचा मासा अळ्या खाण्यासाठी आपल्या देशात आणला गेला. तो अळ्या खातो हे खरे, परंतु जेथे गेला तेथे देशी माशांची अंडी व पिल्लेही खातो. युरियाचेही असेच आहे. मदुराई भागातील अभ्यासात दिसून आले की नत्राचे खत घातलेल्या भातखाचरांत अळ्या अधिक होतात. म्हणून चांगला हेतू पुरेसा नाही. ज्यावर उपाय करावयाचा त्या जिवास ओळखण्याइतके कष्ट घेणे हाही कर्तव्याचाच भाग होय.

तिसरी सबब दीनपणाची आहे: "मी एक खड्डा बुजविला म्हणून काय होणार? खड्डे पुष्कळ आहेत." हिचे उत्तर खुद्द रॉस ह्यांनी दिले आहे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिवतापप्रतिबंधावरील ग्रंथात त्यांनी गणिताने दाखविले की हिवताप नाहीसा होण्यासाठी प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आली म्हणजे एका रोग्यापासून एकाहून कमी नवे रोगी होतात, आणि रोग आपोआप ओसरू लागतो. एक मादी एका वेळी शेकडा-दीडशे अंडी घालते हे लक्षात आणले, म्हणजे एका खड्ड्याचा हिशेब काय होतो तो वाचकांनीच करावा. माझे थोडे पुरे पडत नाही म्हणून ते व्यर्थ आहे, हा तर्क खोटा आहे. दुसऱ्याच्या थोड्याला माझे थोडे मिळाले तरच ती मर्यादा गाठली जाते.

चौथी सबब शब्दांत क्वचित येते, परंतु मनात असते: "देवाची मर्जी." मृत्यू व दुःख ह्यांपुढे नम्र होणे हे एक, जे आपल्या हातातील कुदळीने टळले असते ते आकाशाच्या माथी मारणे हे निराळे. नम्रतेचे नाव आळसास देऊ नये.

इतके सर्व करूनही काही शिल्लक राहते, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. उत्तम शेतकऱ्याच्याही बांधीतून काही डास निघणारच. भात खाणाऱ्या देशात हे पुरते टळत नाही. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशातील भातप्रदेशात मेंदूज्वराने एका हंगामात हजाराहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्यांच्या आईबापांनी व शेजाऱ्यांनी कोणतेही पाप केले नव्हते. ते भात पिकवीत होते. पुढील वर्षापासून मुलांस त्या रोगाची लस देण्यास आरंभ झाला. ह्यावरून असे दिसते की ज्या हानीस आपण सर्वस्वी थांबवू शकत नाही तिच्याविषयीही आपले देणे संपत नाही; त्याचे रूप मात्र बदलते.

ते देणे कोणाचे व कोणास? येथे हा प्रश्न विचारावा की डास चावतो कोणास. क्युलिसिफेसीज डासास मनुष्याहून गुराचे रक्त अधिक आवडते. गोठ्यातील मुका बैल रात्रभर आपल्या वाट्याचे डंख सोसतो. त्यानंतर जो उघडा सापडेल त्याची पाळी. जमीनमालक पंख्याखाली, जाळीच्या खिडकीआड निजतो. जो राखणीस शेतातील मचाणावर निजतो, जो रोवणीसाठी दुसऱ्या गावाहून येऊन पडवीत अंग टाकितो, ज्याच्या झोपडीच्या कुडास भोके आहेत, त्यास डास आधी सापडतो. धान एकाचे पिकते आणि ताप दुसऱ्यास येतो. म्हणून मजुरास मजुरीबरोबर मच्छरदाणी मिळते की नाही हे पाहणे हा दानधर्म नव्हे. ते धानाच्या लागवडीच्या खर्चातच धरावे. ताप आला तर आशाताईंकडून त्याच दिवशी रक्त तपासून घेण्यास मजुरास सुटी द्यावी व त्या दिवसाची मजुरी कापू नये. आणि रोग्यानेही आपले कर्तव्य ओळखावे. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या असता बरे वाटले म्हणून चौथ्या दिवशी त्या सोडणारा मनुष्य रोग आपल्या अंगात शिल्लक ठेवितो व तो शेजाऱ्यास पोहोचविण्याची सोय करितो. अशा प्रकारे तो तरुणही ह्या हिशेबातून सुटत नाही, आणि हे त्यास सांगितल्यावर त्याने ते मान्य केले.

वाचकांस त्या खड्ड्याचे पुढे काय झाले हे जाणण्याची इच्छा असेल. दुसऱ्या दिवशी काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही निघण्याच्या सुमारास काका खड्ड्याशी उभे होते व काठीने पाणी ढवळीत होते. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर अशा बारीक अळ्या आडव्या पडलेल्या दिसत होत्या. अ‍ॅनॉफिलीसच्या अळ्यांची ती खूण होय, क्युलेक्सच्या अळ्या डोके खाली करून लोंबकळतात. आम्ही त्यांस ती खूण दाखविली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ह्या इथल्याच." आणि थोड्या वेळाने, "त्या पोरीचा ताप उतरला का हो?"

आमच्या मते त्या प्रश्नात सर्व उत्तर आले. चर त्याच आठवड्यात निघाला असे पुढे कळले; खालच्या वस्तीतील चौघे माती ओढण्यास आले होते, आणि त्यांत तो तरुणही होता. गावातील हिवताप तेवढ्याने गेला नाही. दुसरे खड्डे आहेतच.

डास कोणाचा, ह्याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात सापडावयाचे नाही. ज्याच्या पाण्यात तो वाढला, आणि हे ज्यास ठाऊक आहे, त्याचा तो. ज्या वाचकाने हा लेख येथपर्यंत वाचला त्यास आता ते ठाऊक झाले आहे. म्हणून येत्या रविवारी दुपारी, कामास सुटी असेल तेव्हा, आपल्या घराभोवती व आपल्या धुऱ्याभोवती एक फेरी घालावी, रांजण घासावा, साचलेल्या पाण्यास वाट करून द्यावी, आणि फेरी संपली म्हणजे शेजाऱ्याच्या दारी जाऊन त्याच्या घरी कोणास ताप आहे काय, एवढे विचारावे.